दोष पायांचा नव्हता

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही दोघे आमच्या लेकीला घेऊन गुलमर्गला गेलो. ती तेव्हा सातवीत होती. शाळेतून आठ दिवसांची रजा हवी होती. वर्गशिक्षिकाबाईंनी रजा दिली, पण एक अट घातली. परत आल्यावर शाळेच्या वार्तापत्रासाठी एक लेख द्यायचा. लेकीने आल्या आल्या लिहायला घेतले. तिचा लेख असा होता : ‘बर्फ पांढरा असतो. पहिले दोन दिवस मी फक्त पडले. मग कमी पडले.’

बाईंना हा लेख जरा जास्तच आटोपशीर वाटला. ‘मधे काय झाले ते लिही,’ असे त्या म्हणाल्या. ‘मधले आई-बाबांना विचारा,’ असे लेकीने सांगितले आणि ती खेळायला गेली. म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत. तो द्यायला बराच उशीर झाला, याबद्दल क्षमा असावी. जे मधे झाले त्यात चूक आमची होती, आणि आपली चूक आपणच लिहून द्यायला थोडा वेळ लागतो.

पेडण्याच्या माणसांनी बर्फात जाऊन काय करायचे, असा प्रश्न आमच्या घरीही विचारला गेला. आजी तर म्हणाली, ‘फ्रीज उघडून बघा म्हणावे.’ पण या वेडाची सुरुवात आपल्याच किनाऱ्यावर झाली. आश्वे, मांद्रे, मोरजी या भागात गेली काही वर्षे लाटांवर फळी घेऊन खेळायला शिकवतात. पूर्वी हा खेळ परदेशी पाहुण्यांचा मानला जाई. आता आपल्या गावची मुलेही शिकतात आणि काही जण शिकवतातही. आमची लेक दोन हंगाम दर रविवारी सकाळी आश्व्याला जात होती. पोहणे तिला आधीच येत होते. फळीवर उभे राहायला ती महिन्याभरात शिकली. तिथेच तिला कोणीतरी सांगितले की याच खेळाचा एक भाऊ बर्फात राहतो. त्याचे नाव स्नोबोर्ड.

हे नाते खरेच भावाबहिणीचे आहे. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी नाताळच्या दिवशी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी तयार केली. मुली तिच्यावर उभ्या राहून घराजवळच्या बर्फाच्या उतारावरून खाली आल्या. ‘स्नो’ म्हणजे बर्फ आणि ‘सर्फर’ हे दोन इंग्रजी शब्द जोडून त्यांच्या पत्नीने तिला ‘स्नर्फर’ असे नाव दिले. त्या फळीला पुढच्या टोकाला धरायला एक दोरी होती, पण पाय बांधायची सोय नव्हती. ती पुढे जेक बर्टन कार्पेंटर, टॉम सिम्स अशा मंडळींनी केली. पाय फळीला पक्के बांधणाऱ्या त्या पट्ट्यांच्या साच्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात. १९९८ साली जपानमधील नागानो येथे हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये आला. आपल्या देशात गुलमर्गला २०२० साली पहिले ‘खेलो इंडिया’ हिवाळी खेळ झाले, त्यांतही स्नोबोर्ड होता.

हे सगळे लेकीने आम्हाला जेवताना, झोपताना आणि स्कूटरवर मागे बसून इतक्या वेळा सांगितले की शेवटी आम्ही पैसे साठवू लागलो. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीला खुला झाल्यामुळे प्रवासाचा पहिला टप्पा तरी दाराशी आला होता. मोपाहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर आणि तिथून गाडीने टंगमर्ग. टंगमर्गच्या पुढे घाट चढताना गाडीच्या चाकांना साखळ्या बांधतात, नाही तर चाके बर्फावर जागच्या जागी फिरतात. त्या वर्षी जानेवारीत गुलमर्गला जवळजवळ बर्फच पडला नव्हता. वर्तमानपत्रांत कोरड्या मैदानाची छायाचित्रे येत होती आणि आमच्या घरात रडारड. महिन्याच्या शेवटी बर्फ पडू लागला आणि आम्ही पोचलो तेव्हा देवदारांच्या फांद्याही वाकल्या होत्या.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून अफरवात डोंगराकडे दोन टप्प्यांत जाणारा पाळणा आहे. त्याच्या वरच्या टप्प्यावरचा उतार तरबेज लोकांसाठी असतो. शिकाऊ मंडळी खाली गावाजवळच्या सौम्य उतारावर धडपडतात. आम्हाला तिथेच जायचे होते.

पहिल्या सकाळी आम्ही भाड्याने साहित्य देणाऱ्या एका दुकानात गेलो. आत वीस-पंचवीस माणसे होती. सगळ्यांनाच घाई होती. काउंटरवरच्या मुलाने लेकीकडे एकदा पाहिले, तिच्या हनुवटीपर्यंत येईल अशी एक फळी काढली, बूट दिले आणि विचारले, ‘बायाँ पैर आगे, ठीक है?’ लेक काहीच बोलली नाही. आम्ही म्हटले, ‘ठीक है.’

हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. सगळा घोटाळा त्यांच्यात आहे.

त्यात आम्ही आणखी एक भर घातली. थंडी लागू नये म्हणून लेकीच्या पायांत लोकरीचे दोन दोन मोजे चढवले. गोव्याच्या माणसाला थंडी म्हटली की एकावर एक कपडे चढवण्यापलीकडे काही सुचत नाही.

उतारावर सहा मुलांचा गट होता. शिकवणारे उस्ताद साठीच्या आसपासचे होते. बोलणे कमी, पण मुलांवर फार जीव. पहिले दोन तास त्यांनी फक्त एक पाय बांधून चालायला लावले. मग दोन्ही पाय बांधून कडेवर उभे राहायचे. स्नोबोर्डला दोन कडा असतात. एक टाचांच्या बाजूची, दुसरी चवड्यांच्या बाजूची. सपाट फळी बर्फावर वाटेल तशी पळते. थांबायचे असो की वळायचे असो, कोणत्या तरी एका कडेवर वजन द्यावेच लागते. हे एकदा जमले की बाकीचे सरावाने येते, असे उस्ताद म्हणाले.

इतर पाच मुलांना ते येऊ लागले. त्यांतली एक मुलगी बंगळूरची होती आणि तिने आयुष्यात कधी समुद्रही धड पाहिला नव्हता. आमची लेक मात्र पडत होती. पुढे पडत होती, मागे पडत होती, उभी राहता राहता पडत होती. चवड्यांवर वजन दिले की बुटाचे टोक बर्फात घासे आणि फळी निसटे. टाचांवर दिले की मांड्या थरथरत. पहिला दिवस संपला तेव्हा आम्ही तिची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी समजूत संपली आणि उपदेश सुरू झाला. ‘लक्ष दे.’ ‘उस्ताद काय सांगतात ते ऐक.’ ‘गुडघे वाकव.’ ‘त्या मुलीकडे बघ कशी करते.’ शेवटचे वाक्य आमच्यापैकी कोणी उच्चारले यावर आमच्यात अजून एकमत नाही.

दुपारी ती बर्फात बसून राहिली आणि म्हणाली, ‘मला हे येणार नाही. माझ्यातच काहीतरी उलटे आहे.’

त्या संध्याकाळी आम्ही दिवसभरात काढलेले व्हिडिओ घरी पाठवले. आजीने फुले आणि हात जोडलेली चित्रे पाठवली. डिचोलीच्या मामांचा मात्र फोन आला. मामांनी बर्फ फक्त सोड्याच्या दुकानात पाहिलेला. पण पाय कसे पडतात याची त्यांना चांगली पारख आहे, कारण ते गावच्या घोडेमोडणीत वर्षानुवर्षे नाचत आले आहेत.

आमच्या लहान वाचकांसाठी सांगतो. घोडेमोडणी हे शिगम्यातले वीरनृत्य. डिचोली, पेडणे आणि सत्तरी या तालुक्यांत ते होते. नाचणाऱ्याच्या कमरेला घोड्याचा सांगाडा बांधतात. पुढे लाकडी तोंड, भोवती रंगीत कापडाचा घेर. डोक्याला फेटा, पायांत घुंगरू, एका हातात लगाम आणि दुसऱ्यात तलवार. ढोल-ताशाच्या तालावर हे घोडेस्वार पुढे जातात, मागे येतात. दुरून पाहणाऱ्याला घोडाच नाचतो आहे असे वाटते.

मामांनी व्हिडिओ तीनदा पाहिला होता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘कोणें बांदलो गो तिचो घोडो?’

आम्हाला काही कळेना. तेव्हा त्यांनी समजावले. घोडा चार बोटे वर बांधला तर गुडघे सांगाड्यावर आपटतात. खाली बांधला तर तो झुलतो आणि नाचणारा त्याच्यामागे ओढला जातो. पुढची दोरी सैल राहिली तर घोड्याचे तोंड खाली येते आणि माणूस तोल सावरायला मागे कलतो. बघणारे म्हणतात, पोराला नाचता येत नाही. नाच त्याला येत असतो, घोडा दुसऱ्याच्या मापाचा असतो. ‘तिच्या पायांकडे बघा,’ मामा म्हणाले. ‘एवढे फाकवून कोणी उभे राहते का? आणि पावसाळ्यात आमच्या अंगणात शेवाळावरून घसरत जायची तेव्हा कुठला पाय पुढे टाकायची, आठवते का?’

आठवले. दोघांनाही एकदम आठवले. उजवा.

मग आणखीही आठवू लागले. सर्फच्या फळीला एक दोरी असते आणि तिचे दुसरे टोक मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात, म्हणजे पडल्यावर फळी वाहून जात नाही. आश्व्याला लेक ती दोरी नेहमी डाव्या घोट्याला बांधत असे. म्हणजे मागचा पाय डावा आणि पुढचा उजवा. दोन हंगाम, दर रविवारी, आम्ही वाळूत बसून हे पाहत होतो आणि आम्हाला ते दिसले नव्हते.

लेक गादीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. आम्ही विचारले, ‘तुला तर ठाऊक होते की तुझा उजवा पाय पुढे असतो. मग दुकानात सांगितले का नाहीस?’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मला वाटले, इथेही डावे-उजवे ठरलेले असेल. जेवताना असते तसे.’

यावर आम्हाला बोलता आले नाही. आमची लेक जन्मतः डावखुरी आहे. अडीच-तीन वर्षांची असल्यापासून चमचा, खडू, पेन्सिल सगळे डाव्या हाताने. आम्ही प्रत्येक वेळी ते काढून उजव्या हातात दिले. मारले नाही, रागावलोही फार नाही. ‘प्रसाद उजव्या हाताने घे.’ ‘आशीर्वाद घेताना उजवा हात पुढे.’ ‘पेन्सिल इकडे धर, शाळेत हसतील.’ हे सगळे प्रेमाने. पहिलीत जाईपर्यंत ती उजव्या हाताने लिहू लागली होती आणि आम्ही एकमेकांना शाबासकी दिली होती. अक्षर वाईट आले की मात्र तिलाच बोललो. या सगळ्यातून तिने एक गोष्ट नीट शिकून घेतली. आपल्याला जे आपोआप येते ते बहुधा चुकीचे असते, तेव्हा गप्प बसावे. दुकानातला मुलगा तिला एकदाच भेटला. तिला गप्प राहायला आम्ही दहा वर्षे शिकवले होते.

म्हणूनच वर लिहिले की दोष आमचा. लाटेवर तिचे पाय मोकळे होते, म्हणून ते आपल्या जागी गेले. बर्फावर पाय बांधायचे होते, आणि बांधताना कोणीतरी विचारायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तास सुरू होण्याआधीच आम्ही उस्तादांना गाठले आणि सगळे सांगितले. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘पहले बताना था ना, बेटी,’ एवढेच ते म्हणाले आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. मग खात्री म्हणून लेकीला समोर उभे केले, मागे गेले आणि तिला न सांगता पाठीला हलकासा धक्का दिला. तोल सावरायला तिचा उजवा पाय पटकन पुढे पडला. ‘लो, पैर ने खुद बता दिया.’

ज्यांचा डावा पाय पुढे असतो त्यांना या खेळात ‘रेग्युलर’ म्हणतात, आणि उजवा पुढे असणाऱ्यांना ‘गूफी’. गूफी म्हणजे खरे तर वेंधळा. नाव ऐकून लेकीचा चेहरा पडला. पण उस्तादांनी सांगितले की मोठमोठे खेळाडू गूफी आहेत, नाव ठेवणाराच रेग्युलर असणार. ती पहिल्यांदा हसली. इथे एक खुलासा केला पाहिजे. सगळी डावखुरी मुले उजवा पाय पुढे ठेवतात असे नाही. हात आणि पाय यांचे आपापले वेगळे मत असू शकते. म्हणून पाहायचे ते पायाकडेच.

त्यानंतरचा अर्धा तास आम्हा दोघांना फार आवडला. तो जरा सविस्तर लिहितो.

आधी बूट. उस्तादांनी दोन मोज्यांतला एक काढायला लावला. मोजा एकच हवा, पातळ आणि न चुरगळलेला. दोन मोज्यांत पाय दाबला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि उलट जास्त गार पडतो. बुटात बोटे पुढे नुसती टेकावीत आणि गुडघा वाकवला की टाच वर उचलली जाऊ नये. टाच उचलली गेली तर माणूस वळतो पण फळीला ते कळत नाही.

मग दोन पायांमधले अंतर. फळी आदल्या कोणा उंच माणसासाठी लावलेली होती. लेकीचे पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त फाकले होते. अशा उभे राहण्याने गुडघे आत वळतात आणि मांड्या लवकर दमतात. फार जवळ ठेवले तर तोल डळमळतो. खांद्यांएवढे किंवा त्याहून थोडे जास्त अंतर ठेवून सुरुवात करावी आणि जमिनीवर उभे राहून हळूच वाकून पाहावे. फळीत भोकांच्या रांगा असतात. उस्तादांनी दोन्ही बाइंडिंग एकेक भोक आत घेतले.

मग कोन. बाइंडिंगच्या मधोमध एक गोल तबकडी असते आणि तिच्यावर अंशांच्या खुणा. पाऊल फळीला अगदी आडवे असेल तर शून्य. पुढचे पाऊल थोडे पुढे वळवायचे, मागचे एक तर थोडे मागे किंवा जवळजवळ आडवे. लेकीच्या फळीवर दोन्ही पावले एकाच दिशेला बरीच वळलेली होती. वेगाने वळणे घेणारे काही जण तसे ठेवतात, पण त्यांचा पुढचा पाय डावा होता. लेकीसाठी सगळेच उलटे करायला हवे होते. उस्तादांनी उजवे पाऊल पंधरा अंश पुढे आणि डावे सहा अंश मागे वळवले. मग तिला गुडघे वाकवायला सांगितले आणि वरून पाहिले. गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेनेच वाकतो आहे ना, एवढेच ते पाहत होते. आकडा ही नुसती सुरुवात, खरे माप गुडघा सांगतो, असे त्यांचे म्हणणे.

मग मध्य. बूट फळीच्या रुंदीपेक्षा जरासा लांब असतो. तो दोन्ही बाजूंना सारखाच बाहेर यायला हवा. लेकीचा चवडा जास्त बाहेर होता, म्हणून तो बर्फात घासून ती पडत होती. दोन दिवस आम्ही ‘लक्ष दे’ म्हणत होतो ते या बोटभर फरकासाठी.

शेवटी पाठीचा टेकू. बाइंडिंगला पोटरीमागे एक उंच पाठ असते. ती पुढे कलती केली तर गुडघे आपोआप वाकतात आणि टाचेच्या कडेवर वळण लवकर मिळते. पण जास्त कलती केली तर दिवसभर अर्धवट बसल्यासारखे होते. ती सुरुवातीला जवळजवळ सरळ ठेवली. पट्टे घट्ट, पण पायाला मुंग्या येणार नाहीत इतपत. प्रत्येक बाजूचे चार स्क्रू आवळले आणि अर्ध्या तासाने पुन्हा तपासायचे असे बजावले, कारण हादऱ्यांनी ते ढिले होतात.

शेवटी उस्तादांनी लेकीला विचारले, ‘अब कैसा लगता है?’

तिने आधी आमच्याकडे पाहिले. आम्ही मुद्दाम डोंगराकडे पाहत राहिलो. मग ती म्हणाली, ‘मागचा पाय अजून थोडा टोचतो.’ उस्तादांनी न कंटाळता पुन्हा पट्टा सोडला, मोजा सरळ केला, पट्टा बांधला. आमच्या मते त्या प्रवासातले हे तिचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य.

त्या दिवशीही ती पडली. पण आता ती पडत होती ती शिकताना पडतात तशी. दुपारपर्यंत ती टाचेच्या कडेवरून चवड्याच्या कडेवर येऊ लागली. समुद्रावरचे दोन हंगाम कुठेतरी साठून राहिले होते, ते पायांत उतरू लागले. चौथ्या दिवशी तिने स्वतःहून पाठीचा टेकू एक खाच पुढे करून मागितला. पाचव्या दिवशी उस्तादांनी आम्हाला उतारावर बोलावून बर्फावरच्या खुणा दाखवल्या.

स्नोबोर्ड मधे थोडा अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असतो. तो कडेवर कलला आणि वजनाने वाकला की ती कड कमानीसारखी बर्फात बसते आणि फळी त्या कमानीवरूनच वळते. याला कार्व्हिंग म्हणतात, म्हणजे बर्फ कोरत जाणे. नवशिक्या फळी घासत घासत वळवतो. त्याच्यामागे शेणाने सारवल्यासारखा रुंद पट्टा उमटतो. कोरलेल्या वळणामागे विळीने कापल्यासारखी एक बारीक रेघ राहते. लेकीच्या उतारावर बहुतेक सारवणच होते. पण मधे दोन ठिकाणी, हातभर नव्हे, चांगली सात-आठ पावले, ती बारीक रेघ स्पष्ट दिसत होती. आम्ही त्या रेघेचा फोटो काढला. तो आमच्या घरात देव्हाऱ्याच्या शेजारी लावला आहे. ज्या माणसांना त्यात नुसता पांढरा कागद दिसतो त्यांना आम्ही चहा देतो आणि समजावून सांगतो.

महिन्याभराने शिगमा आला. आम्ही डिचोलीला गेलो. मामांनी रात्रीच्या तालमीनंतर अंगणात एक जुना, लहान घोडा काढला आणि गंमत म्हणून लेकीच्या कमरेला बांधायला घेतला. बांधण्याआधी तिच्यासमोर उकिडवे बसून त्यांनी विचारले, ‘खंयचो पाय पयलीं?’ सगळे नातेवाईक बघत होते. लेक मोठ्याने म्हणाली, ‘उजवो! आणि दोरी थोडी सैल कर.’

आता थोडे शाळेबद्दल. त्यासाठीच बाईंनी लेख मागितला होता असे आम्हाला वाटते.

आमची लेक आता पुन्हा डाव्या हाताने चित्रे काढते. लिहिते उजव्या हाताने, कारण ती सवय आता झाली आहे आणि तिला ती मोडायची नाही. तो निर्णय तिचा. पालक मित्रांना एवढीच विनंती की मूल एखादी गोष्ट करताना सारखे चुकत असेल, तर ‘लक्ष दे’ म्हणण्याआधी एकदा त्याचा घोडा कोणी बांधला ते पाहावे. सायकलची सीट पाहावी. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवून पाय सरळ होतो का? दप्तराचे दोन्ही पट्टे सारखे आहेत का? अभ्यासाला बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का, की लोंबकळतात?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला सांगायचे ते याहून थोडे. काही टोचत असेल तर सांगा. पहिल्यांदा कोणी ऐकले नाही तर दुसऱ्यांदा सांगा. मोठ्या माणसांना दोन हंगाम वाळूत बसूनही दिसत नाही, हे वर वाचलेच आहे.

आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक सूचना. वरच्या वर्गांसाठी लिहिण्याची फळी जोडलेल्या खुर्च्या पुढे कधी घ्यायच्या झाल्या, तर प्रत्येक वर्गात दोन-तीन खुर्च्या डाव्या बाजूला फळी असलेल्या घ्याव्यात. पहिली-दुसरीच्या ज्या मुलांचे पाय बाकावरून जमिनीला टेकत नाहीत त्यांच्यासाठी पाय ठेवायला लाकडी पाट हवेत. ते बनवून द्यायची आमची तयारी आहे. मामांनीही हातभार लावायचे कबूल केले आहे. मात्र त्यांची एक अट आहे. ते आधी शाळेत येऊन प्रत्येक मुलाला बसवून माप घेणार.